रंगरावांचा सकाळचा फोन

पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत धम्मरत्न एकटा राहत होता. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. हिंजवडीतली नोकरी सुटल्यावर तो घरूनच काम करी. कारखान्यांच्या वेबसाइट गूगलवर वर आणायच्या, हे त्याचं काम. काम चोख, पण दिवसभरात बोलायला माणूस नाही.

अपवाद एकच, चाकणचे रंगराव. त्यांचा लाकडी पॅलेटचा, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचा, कारखाना. करार असा, की कुणी 'लाकडी पॅलेट चाकण' शोधलं तर सहा महिन्यांत त्यांचं नाव पहिल्या तिघांत दिसलं पाहिजे. दिसलं तर वर्षभराचं काम, नाही तर संबंध संपला.

रोज सकाळी नऊला रंगराव स्वतःच्या मोबाइलवर शोधत, आपलंच नाव उघडत आणि फोन करत.

"काय राव, आज सहावा हाय! झोपला व्हता का?"

"जागाच आहे, दादा. पोहे टाकतोय."

"एकट्याला किती लागत्यात? मूठभर टाक, न्हाईतर कावळ्याला घालशील."

दोन मिनिटांचा फोन. धम्मरत्न पोहे मुद्दाम नऊलाच टाकी. सांगायला काहीतरी असावं म्हणून.

मुदतीला चार दिवस उरले आणि रंगराव फोनवर ओरडले, "पयला नंबर! आता वर्षभर तू माझा. पेढे घेऊन ये!"

धम्मरत्नने स्वतः तपासलं. पाचवा. रोज स्वतःचंच नाव उघडल्याने रंगरावांच्या मोबाइलला त्यांची सवय कळली होती. तो त्यांना त्यांचाच कारखाना आधी दाखवत होता. परक्या गिऱ्हाइकाला नाही.

गप्प बसलं की झालं. काम गेलं तर दुसरं मिळालं असतं. सकाळी नऊचा असा फोन दुसरा मिळाला नसता.

पण वडील तीस वर्षं लेथवर उभे होते. ते म्हणत, मालक खूश झाला म्हणून नग पास होत नाही. मापाच्या गेजमध्ये बसला तर पास.

दोन बस बदलून तो चाकणला गेला. गेटवरच्या ट्रक ड्रायव्हरचा मोबाइल मागितला आणि रंगरावांसमोर शोधलं. पाचवा.

रंगराव पॅलेटवर बसले. "बोलला नसतास तर मला कप्पाळ कळलं असतं."

"म्हणून तर आलो."

"मग आता?"

"नंबरावर करारच नको, दादा. नवीन गिऱ्हाइकांचे किती फोन आले ते वहीत लिहा. महिन्याला दहा आले तर माझं काम पास. नाही तर मला काढा."

रंगरावांनी मान डोलावली. "मंजूर. वर्षभर. मग रोज बघायला नगं?"

"बघूच नका. उलट फसाल. महिनाअखेरीला वही बघू."

"ब्येस झालं. सकाळची कटकट गेली."

धम्मरत्न हसला. करार आता बरोबर झाला होता.

दुसऱ्या दिवशी नऊला त्याने पोहे टाकले. मूठभर. मोबाइल ओट्यावर ठेवला. पोहे झाले, खाल्ले, कढई घासली. साडेनऊला तो कामाला बसला.