माझ्याच दाढेचं हाड

"आंटी, हड्डी बहुत घट गई. स्क्रू पकडने को जगाच नै," नल्लकुंट्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई स्कॅन बघत म्हणाल्या. हिरड्यांच्या आजारानं माझे खालचे समोरचे दोन दात गेले होते. त्यांच्याखालचं हाडही झिजलं होतं. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा स्क्रू आणि त्यावर पक्का दात, बसणार कशावर?

तुम्ही म्हणाल, सत्तावन्नाव्या वर्षी दोन दातांचं एवढं काय? अहो, तारनाक्याच्या आमच्या बुद्धविहारात वीस वर्षं वंदना मी सांगते. मी पुढं म्हणते, मागून सगळे म्हणतात. दात गेले आणि 'सरणं' म्हणताना शिट्टी वाजायला लागली. काढघालीची कवळी लावली, तर ती माईकसमोरच निसटली. तेव्हापासून मी मागच्या रांगेत बसायचे. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

पडलेले दात कुठायत, बाईंनी विचारलं. मी म्हटलं, शेजारच्या पत्र्यावर फेकले. नांदेडला लहानपणी फेकायचो तसेच, सवयीनं! बाईंनी कपाळाला हात लावला. दात आणि हाड जवळजवळ एकाच मालाचे असतात, म्हणाल्या. आपलाच दात साफ करून, दळून, त्याचा चुरा हाडाच्या खड्ड्यात भरता येतो. त्याच्या आधारानं नवं हाड तयार होतं. याला डेंटिन ग्राफ्ट म्हणतात. आणि मी बया तेच फेकून बसले होते!

पण स्कॅनमध्ये माझी आडवी अक्कलदाढ दिसली. ती तशीही काढायचीच होती. तिच्यावर काम भागेल, बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांनी तुझी अक्कल कामाला आली, असं म्हणून आमचे हे रस्ताभर हसत होते.

दाढ निघाली, साफ झाली आणि माझ्या डोळ्यांसमोर एका छोट्या यंत्रात गेली. घर्रर्र! चटणी वाटावी तशी. तोंड बधिर होतं, नाहीतर मी ओरडलेच असते. चुरा समोरच्या खड्ड्यात भरला, वरून टाके.

मग वाट बघणं. सगळ्यांनाच हे चालतं असं नाही, धरेलच याचीही खात्री नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. पाच महिने मी मऊ भात खाल्ला आणि जीव मुठीत धरून बसले. पुन्हा स्कॅन. खड्ड्याच्या जागी पांढरंशुभ्र! "देखो आंटी, पूरा भर गया." मी बाईंना मिठीच मारली. स्क्रू बसले, आणखी तीन महिन्यांनी दात.

म्हणून सांगते, दात काढायची वेळ आली तर आधी विचारा, याचा काही उपयोग होईल का. विचारायला काय जातं?

शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, आंटी, कुछ बोलके दिखाओ. मला दुसरं काय सुचणार? खुर्चीत ताठ बसले, हात जोडले आणि त्रिसरणाची पहिली ओळ म्हटली. स्वच्छ, एक शिट्टी नाही. दुसरी म्हणायला श्वास घेतला, तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून, अनोळखी पेशंटांच्या मधून, चारचौघांत कधी तोंड न उघडणाऱ्या ह्यांनी माझ्यामागून तीच ओळ खणखणीत म्हटली.