तीनशे लिटर पाणी आणि दोन टायर

निवृत्त झाल्यावर माझ्या मेहुण्यांनी जीपमागे ओढायचं एक घर बांधून घेतलं. चाकांवरचा ट्रेलर: आत दोन पलंग, शेगडी, तीनशे लिटरची पाण्याची टाकी आणि कमोड. कमोड महत्त्वाचा, कारण सगळा खटाटोप सासूबाईंसाठी होता. त्यांना समुद्र बघायचा होता. वय ऐंशीच्या पुढे, आणि ढाब्यामागची सोय त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती.

मेहुणे पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. ही माहिती ट्रेलरच्या दारावर पितळी पाटीवर आहे. पाटी खिडकीपेक्षा थोडीच लहान आहे.

प्रश्न उरला टायरांचा. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दुकानात मेहुण्यांनी रुंद, चकचकीत रिमांवरचे दोन टायर पसंत केले. दुकानदाराने टायरच्या बाजूवरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"साहेब, ब्याऐंशी. म्हणजे एक टायर चारशे पंच्याहत्तर किलो उचलणार. तुमच्या गाडीचं वजन किती?"

"नऊशे. दोन टायर म्हणजे साडेनऊशे. पन्नास किलो शिल्लक," मेहुणे म्हणाले.

"रिकामी नऊशे का भरलेली? टाकीत पाणी असणार की."

"पाणी काय वजनात धरायचं?"

माणसाने आयुष्यभर पाणी क्युसेकमध्ये मोजलं की असं होतं. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "घाटात उतरायचंय म्हणता. एकदा काट्यावर चढवून बघा, मग या." मेहुण्यांनी टायर तिथेच बसवून घेतले. चढवून कशाला बघायचं? गाडी त्यांनी स्वतः डिझाइन केली होती.

निघायच्या पहाटे नळाला पाणी आलं. पाच दिवसांनी आलं होतं. अशा वेळी सोलापूरचा माणूस हिशेब करत नाही, भांडी शोधतो. माझ्या बायकोने पिंप भरलं, घागरी भरल्या, बादल्या भरल्या, आणि पाइप नेऊन ट्रेलरच्या टाकीत सोडला. टाकी काठोकाठ. मग गाद्या, सिलिंडर, कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणीच्या दोन बरण्या. टायर खाली जरा बसले. "हवा कमी असेल," मेहुणे म्हणाले.

मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा वजनकाटा दिसला आणि दुकानातली गोष्ट माझ्याकडून ऐकलेल्या बायकोने जीप थांबवायला लावली. "दादा, तू खरा असशील तर दोन मिनिटांचं काम आहे." या वाक्यापुढे कुठल्याच दादाचा इलाज नसतो. जीप सोडवून ट्रेलर काट्यावर घेतला.

"माल काय लिवू?" काट्यावाल्याने विचारलं.

"कॅराव्हॅन."

"त्यो माल हितं न्हाय. ऊस लिवतो."

पावती हातात आली: ऊस, एक हजार तीनशे साठ किलो.

मेहुण्यांनी ती उलटी धरून बघितली. मग ते ट्रेलरखाली वाकले आणि टाकीचा नळ शोधू लागले. "पाणी सोडून देऊ. तीनशे किलो इथेच कमी होतं."

"अन् साडेनऊशेच्या वर उरलेलं एकशे दहा?" मी विचारलं.

"ते सुरक्षा-मर्यादेत येतं, दाजी."

काट्यावाला खुर्चीतून उठला. "अवो सायेब! मातीत सोडताय? आमच्याकडं आठ दिस पाणी न्हाय!"

तेवढ्यात जीपची काच खाली झाली. सासूबाई मूळच्या अकलूजकडच्या, कालव्याच्या कडेला वाढलेल्या, पण सोलापूरने त्यांचं पुरतं शिक्षण केलं होतं.

"पाणी सांडायचं न्हाय."

"आई, त्याशिवाय टायर टिकणार नाहीत. घाट आहे."

"मग टायर बदल. टायर दुकानात मिळत्यात. पाणी मिळतंय व्हय?"

बदलीचा आदेश मिळाल्यासारखे मेहुणे ट्रेलरखालून बाहेर आले. काट्याच्या आवारात ट्रेलर ठेवला आणि आम्ही परत सात रस्त्याला गेलो. दुकानदाराने पावती वाचली, "ऊस चांगलाय की," म्हणाला, आणि आठ प्लायचे दोन टायर काढले. छोट्या टेम्पोला घालतात तसले, काळेकुट्ट, लोखंडी रिमांवर, एकेक नऊशे किलो उचलणारा. काट्यावर परत येऊन बसवले तेव्हा पितळी पाटीखाली ते फार वाईट दिसले. घाटात मात्र ट्रेलर शहाण्या म्हशीसारखा मागून चालत आला. उतारावरच्या प्रत्येक वळणाला मी आरशात टायरच बघत होतो, आणि मेहुणे मी बघतोय का ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना धरून वाळूत उतरवलं. त्या बराच वेळ समुद्राकडे बघत राहिल्या. आम्ही सगळे त्या काय बोलतात याची वाट बघत होतो.

"एवढं पाणी हितं असताना," त्या मुलाला म्हणाल्या, "टाकी भरून कशाला आणली रं?"

मेहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. तोवर लाट सासूबाईंच्या पायाशी आली. त्यांनी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"जा, तांब्याभर आपलं आण," त्या म्हणाल्या. "पाय धुवायचेत."

मेहुणे ट्रेलरकडे अक्षरशः धावले.