निकाली निघालेली एकतीस माणसं

भाग्यलक्ष्मीशी कधीच वाजलं नाही असा दुकानदार बरकतपुऱ्यात शोधावा लागला असता. वजनात मारलं की ती बोलायची, रांग मोडली की बोलायची. मराठी, दखनी, तेलुगू यांतली जी भाषा समोरच्याला कमी येत असेल, नेमकी तीच काढायची. माहेर बसवकल्याणकडचं, घर शेतकऱ्याचं, शिक्षण दहावी. सुलतान बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात ती कामाला लागली, तेव्हा मालकानं कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. तीन वर्षांनी तोच मालक मशीन अडलं की "अम्मा, जरा देखो" म्हणत तिच्या खुर्चीमागं उभा राहू लागला.

या बाईनं २००४ साली मनावर घेतलं की दर शनिवारी मुलांना मराठी वाचायला शिकवायचं. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांवर आलेल्यांची मुलं आजीचं पत्र आईकडून वाचून घेतात, हे तिला सहन होत नव्हतं. तिथल्या मराठी मंडळाच्या कमिटीत एक जण हळूच म्हणाला की इंजिनिअरांच्या पोरांना दहावी शिकलेली बाई काय शिकवणार. हळूच म्हटलेलं तिला जास्त ऐकू येई. शेवटी अट ठरली. पंचवीस पालकांनी मंडळाला ईमेलवर लेखी होकार पाठवायचा, तर वर्गाला मागची खोली मिळेल. मुदत रविवारी अकराच्या बैठकीपर्यंत.

शनिवारी संध्याकाळपर्यंत होकार आले चार.

पालकांना फोन करायचं तिनं साफ नाकारलं. एकदा विचारलं ते विचारलं, आता दारोदार हात पसरणार नाही. रात्री भाकरी थापताना मात्र इतका आवाज झाला की नवऱ्यानं न बोलवता ताट घेतलं.

रविवारी सकाळी नऊला हिमायतनगरात भाजी घेताना शर्वरी भेटली. दोन लेकरांची आई, माधापूरच्या कंपनीत नोकरी. तिनं हसत विचारलं, वर्ग कधीपासून? भाग्यलक्ष्मीचा पारा चढला. होकार द्यायला बोटं झिजतात आणि वर तारीख विचारता?

"अहो ताई, मी दोनदा पाठवलाय," शर्वरी म्हणाली. "आमच्या सोसायटीतून आठ जणींनी पाठवलाय."

दोडके तिथंच राहिले. दोघी रिक्षात बसून मंडळात आल्या.

मंडळाचे चिटणीस नामदेवराव कॉम्प्युटरसमोर ताठ बसले होते. वीज खात्यात अडतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस. रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून मंडळाचा ईमेल उघडायचा आणि प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, हा त्यांचा नेम. आलेलं प्रत्येक पत्र मी पाहिलंय, ते म्हणाले, माझ्या हातून कागद हरवत नाही.

भाग्यलक्ष्मी वाद घालत बसली नाही, म्हणजे फार बसली नाही. खालच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन तिनं स्वतःच्या पत्त्यावरून एक ओळ पाठवली. वर येऊन पाहिलं तर पोचली होती. मग खाली बसलेल्या शर्वरीनं तिच्या पत्त्यावरून तीच ओळ पाठवली. ती काही दिसेना. म्हणजे लाइन ठीक होती. मशीनच माणूस पाहून दार उघडत होतं.

तिनं डाव्या बाजूचं, नको असलेल्या पत्रांचं जंक फोल्डर उघडलं. शर्वरीची ओळ तिथं पडली होती. आणि तिच्याखाली खच.

"काका, हे जंकचं बटण कोण दाबतं?"

"मीच," नामदेवराव अभिमानानं म्हणाले. "उत्तर गेलं की पत्र निकाली. निकालीचा गठ्ठा वेगळा."

त्यांच्या खात्यात तसंच होतं. उत्तर दिलेला कागद लाल फडक्यात बांधून मागच्या खोलीत टाकायचा. जंकचं बटण दाबलं की पत्र टेबलावरून उठून मागं जातं, हे पाहून हा प्रोग्राम कुणी सरकारी माणसानंच केला असावा, असं त्यांना वाटलं होतं. बटण दाबलं की प्रोग्राम विचारायचा, या माणसाची पुढची पत्रंही तिकडंच टाकू का? काम परस्पर होत असेल तर नाही कोण म्हणेल? नामदेवराव दरवेळी हो म्हणत. अशी एकशे बारा माणसं त्यांनी कायमची दाराबाहेर काढली होती. वर्गाची फी किती, बस कुठली, असं ज्यांनी आधी विचारलं, त्यांना नामदेवरावांनी गोड उत्तर देऊन निकाली काढलं होतं. त्यांचे होकार आत येणार कसे? चारच पोचले, कारण त्या चौघांनी आधी काही विचारलंच नव्हतं.

भाग्यलक्ष्मीला चिडायचं होतं, पण हसूच फुटलं. शर्वरी वर आली, तीही खुर्ची धरून हसू लागली. तिघांनी मिळून एकेक पत्र पुढं आणायला घेतलं. नामदेवराव नाव वाचत, शर्वरी बोटांवर मोजत, भाग्यलक्ष्मी टिचक्या मारत अडवलेल्यांच्या यादीतून नावं पुसत. आधीचे चार धरून पंचविसावा होकार आला तशी ती खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेऊन आली. पुढं आणखी सहा.

मध्येच नामदेवरावांचा आवाज थांबला. पुढचं नाव होतं संदेश, त्यांचा पुण्याचा मुलगा. सात पत्रं. चार महिने ते बायकोला सांगत होते की पोरगा विसरला, आपणही लिहायचं नाही.

"त्यालापण निकाली काढलंत काय काका?" भाग्यलक्ष्मीनं हळू विचारलं.

"उत्तर दिलं होतं ना मी," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मग स्वतःच इतके हसले की गंध घामानं ओघळलं.

अकराच्या बैठकीत तिनं एकतीस कागद छापून टेबलावर आपटले. हळूच बोलणारे गृहस्थ नेमके मागच्या खोलीची किल्ली सांभाळत. एकतीस घरांची मुलं त्या खोलीत मावणार नाहीत, त्यांनी अडचण काढली. तिनंही ते मान्य केलं आणि मोठा हॉल मागितला. मागितलेलं इतकं रास्त होतं की कुणाला नाही म्हणता आलं नाही.

हजेरीची वही तिनं नामदेवरावांकडं दिली. पहिल्या शनिवारी सगळी नावं घेऊन झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि सवयीनं मागच्या खोलीत ठेवायला निघाले.

"नक्को काका," भाग्यलक्ष्मी फळ्यावर अ काढता काढता म्हणाली. "ती इथंच राहू द्या. पुढच्या शनिवारी हीच पोरं येणार आहेत."