गॅलरीतल्या खुर्च्या

नाशिकच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या भाडेकरूंना काही कमी पडू नये, म्हणून मी हौसेनं सगळं मांडलं होतं. गॅस, कुकर, पडदे, चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. बदलीवर आलेले कुलकर्णी तिथं एकटेच राहत होते. नळ गळतोय म्हणून मी एकदा गेले, तर तीन खुर्च्या गॅलरीत, भर उन्हात.

"अहो, नवं लाकूड आहे. तडकेल ना!" मी चिडूनच म्हणाले.

ते ओशाळले. "चुकलंच वहिनी. पण जेवायला बसलं की त्या समोर दिसतात. बायको आणि दोन्ही मुली गेल्या वर्षी अपघातात गेल्या."

घर मांडताना येणाऱ्या माणसांचा विचार मी केला होता. त्यांच्याबरोबर न आलेली माणसंही त्याच घरात राहायला येतात, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी गॅलरीतली एक खुर्ची आत आणली आणि त्यांच्यासमोर बसले.

"मुलींची नावं काय हो?"

"मोठी सई. धाकटी मुक्ता," ते म्हणाले, "भारी भांडखोर होती हो!" आणि एकदम हसले.