उन्हाळ्यापुरतं घर

अफ्रामावशीचा संसार दरवर्षी सेंट मार्टिनच्या सणापर्यंतच चालायचा. नोव्हेंबरात भाजलेल्या हंसाचं जेवण आटोपलं, की ती बोचकं घेऊन डोंगर उतरायची, आमच्याकडे यायची आणि एप्रिलात परत वर जायची. तिचा नवरा, सेवेरिनकाका, मठाधिपतींच्या उन्हाळी निवासाचा राखणदार होता. मठ बंद पडून दोनशे वर्षं होऊन गेली होती. पण मठाधिपती मार्टिनच्या सणाला खाली मठात परतायचे, म्हणून काकाही त्या दिवशी झडपा लावून घ्यायचा. मग एप्रिलपर्यंत घरात विस्तव नाही. स्वतः मात्र दोन कोट अंगावर चढवून तिथेच राहायचा.

घर देखणं होतं, हे मी कबूल करते. उत्तरेकडे उघडणारं थंडगार दालन, हातभर जाड भिंती, छतावर गिलाव्यातून घडवलेले गुबगुबीत देवदूत. मावशीची खोली या दालनाच्या बरोबर खाली. तिला तिथे एक शेगडी हवी होती, पण धुराडं देवदूतांमधून न्यावं लागेल, असं काका म्हणायचा.

"तुझ्या त्या नागड्या पोरांना थंडी वाजत नाही. मला वाजते."

"अगं, मठाधिपतींनी कधी धुराडं केलं नाही. मी कोण करणारा?"

"मग त्यांच्याशीच लग्न करायचं होतंस."

आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिच्या छातीत कफ साचला. काका रोज बर्फ तुडवत यायचा, तिला धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप भरवायचा.

"मला घरी ने रे," ती म्हणाली. "माझ्या पलंगावर निजव."

"जरा ऊन पडू दे. एप्रिलात नेतो."

मार्च लागायच्या आत ती गेली.

जूनमध्ये नगरपालिकेने दुरुस्ती काढली. गवंड्याने मावशीच्या खोलीतला फुगलेला गिलावा ठोकला, तर आत पोकळ लागलं. जुनं धुराडं निघालं. देवदूतांना धक्काही न लावता भिंतीच्या पोटातून थेट छपरापर्यंत गेलेलं, पुढे कधीतरी कुणी बुजवलेलं. काकाने आत हात घातला. मनगटापर्यंत काजळी लागली.

"हिवाळ्यातही राहायचे की हे लोक," गवंडी म्हणाला.

काकाला चार शब्द सुनवायचे, असं मी कधीची ठरवून होते. ते तोंडाशी आले आणि तिथेच राहिले.

"तिचा पलंग याच भिंतीला होता," तो म्हणाला.

हात धुवायला मी पाणी आणलं, तर नको म्हणाला.