लंगडी मेंढी उठेपर्यंत

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका मन लावून बसणारा माणूस अख्ख्या आशिया खंडात नसेल. हे मी घरबसल्या म्हणत नाही. त्या खंडाचा बऱ्यापैकी तुकडा मी त्यांच्याबरोबर पाठीवर बोजा घेऊन फिरलो आहे आणि वाटेत बसलेली पुष्कळ माणसं पाहिली आहेत. काठमांडूत देवळांच्या पायऱ्यांवर बसलेली पाहिली, कलकत्त्याला नदीच्या घाटावर पाहिली, थायलंडातल्या रेल्वे स्टेशनांवर पाहिली. पण त्या प्रत्येकाच्या बसण्यात कुठेतरी उठण्याचा विचार असे. मेहुण्यांच्या बसण्यात तो नसे. ते आधी जागा बघत, मग वारा बघत, मग काळी घोंगडी झटकून चौपदरी घालत, वहाणा काढून उशाला ठेवत, आणि एकदा टेकले की आजूबाजूच्या झाडांनाही आपण फार वेळ उभे आहोत असं वाटावं.

ते माझ्या पत्नीचे सख्खे थोरले भाऊ. गाव निरवांगी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की सगळा संसार घोड्यावर बांधून हे लोक कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. मेहुण्यांचं लहानपण त्या चालण्यातच गेलं. पुढे ते शिकले, गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला लागले, मेंढरं भावकीकडे गेली. पण वाटेतल्या मुक्कामांचा त्यांच्या मनावर जो संस्कार झाला तो पुसला नाही. वाटेवरचे शेतकरी आर्जवं करून कळप आपल्या रानात बसवून घेत, कारण मेंढरं चार दिवस बसली की रानाला आयतं खत मिळे. "दाजी," मेहुणे मला सांगत, "चालून मेंढीनं कुनाचं भलं केलं? बसली, तवाच रान पिकलं."

हा सिद्धान्त ते स्वतःलाही लावत. बारामतीच्या स्टँडवर त्यांनी इंदापूरच्या तीन गाड्या सोडलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिलीला गर्दी होती. दुसरीला गर्दी नव्हती, म्हणजे तिच्यात काहीतरी बिघाड असणार. तिसरी आली तेव्हा त्यांची सुपारी कातरायची राहिली होती. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला वडगाव निंबाळकरला गेले. मुलीकडच्यांच्या मनात नकार होता, पण पाहुणा उठल्यावर निरोप पाठवायचा अशी रीत. मेहुणे उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या म्हशीचं आचळ बरं केलं, चौथ्या दिवशी मुलीच्या आजीने त्यांना आपली दुखरी कंबर दाखवली, आणि पाचव्या दिवशी सुपारी फुटली. ते जोडपं आजही सुखात आहे. एका कचेरीत कारकून त्यांना म्हणाला, "साहेब नाहीत." मेहुणे म्हणाले, "न्हाय तर न्हाय. बसतो." दुपारपर्यंत त्यांना हवा होता तो दाखला मिळाला, आणि वर त्यांनी न मागितलेला आणखी एक.

नोकरीत असताना त्यांना परदेशातल्या मेंढ्या पाहायला पाठवायचं ठरलं होतं. पासपोर्ट निघाला, पण तो हाती पडेपर्यंत ठरवणाऱ्यांचं मन बदललं. तो कोरा पासपोर्ट बरीच वर्षं निरवांगीच्या देव्हाऱ्यात होता. दावणीला नुसता उभा असलेला बैल पाहून शेतकऱ्याला जसं वाटतं तसं त्यांना त्याच्याकडे पाहून वाटे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपण आता मोठ्या फेरीला जाणार. सगळे हसले. मीही हसलो असतो, पण ते माझे हसण्याचे दिवस नव्हते.

त्या वर्षी माझी पत्नी गेली. मी इंदापुरात शाळेवर होतो. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवस नरसिंहपूरला, माझ्या गावी, संगमावर केले. त्यानंतर मी तिच्याविषयी कुणाशी एक अक्षर बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण तोंड उघडलं की भलतंच काहीतरी निघे, हवापाण्याचं, परीक्षांचं. घरात बसवत नसे, म्हणून मी चालत राही. शाळेतून घरी, घरातून वाचनालयात, वाचनालयातून स्टँडवर आणि तिथून उगाच परत. मेहुणे आले, दोन दिवस ओसरीवर बसून त्यांनी माझी ही ये-जा पाहिली आणि म्हणाले, "तुमाला चालायचंच हाय न्हवं? मग नीट लांब चालू." माझ्या पासपोर्टाचा अर्जही त्यांनीच भरला. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'सोबत' असं लिहिलं होतं. मी ते खोडून 'शिक्षक' केलं आणि लांबलचक रजा टाकली.

तो नव्वदच्या दशकातला मधला एक हिवाळा. नेपाळ झालं, कलकत्ता झालं, आणि विमानाने आम्ही थायलंडात उतरलो. जगभरची तरुण मंडळी तेव्हा त्या वाटेवर पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन हिंडत. मेहुण्यांच्या पाठीवर घोंगडीचं गाठोडं, हातात काठी आणि पायात करकरणाऱ्या वहाणा. त्या वहाणांचे इतके फोटो निघाले की युरोपातल्या कित्येक घरांत त्या अजून असतील. भाषेची अडचण त्यांना कधी आली नाही. ते सगळ्यांशी मराठीत बोलत आणि समजलं नाही तर तेच जरा सावकाश बोलत. अडचण मला होती. मी कुठेही दोन दिवसांवर टिकत नव्हतो. पाहण्यासारखं संपण्याआधीच मी पुढच्या गाडीची वेळ विचारून येई, आणि मेहुणे लगेच गाठोडं बांधत. जन्मभर गाड्या सोडणारा माणूस दीड महिना माझ्या मागे पळत होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

असं करत आम्ही दक्षिणेला एका समुद्रकाठी पोचलो. माडांची रांग, बांबूच्या पाच-सहा खोपी, आणि त्या भाड्याने देणारी एक वयस्कर बाई. मेहुण्यांनी तिला पहिल्याच मिनिटाला मावशी करून टाकलं. मी पाण्याजवळची ओली, गार वाळू पाहून तिथेच पिशवी टेकवली. तिच्यात माझी सहा पुस्तकं होती. मेहुणे मात्र वर वर चालत गेले, वाळलेल्या शेवाळाच्या एका रेघेपाशी थांबले, तिच्याही पुढे दहा पावलं गेले आणि तिथे घोंगडी घातली. मला वाटलं, म्हातारा झाला, पाण्याला भितो. मी आडवा होऊन डोळे मिटले ते पाठीखाली पाणी आलं तेव्हा उघडले. पिशवी तरंगत होती.

"दाजी," वरून शांत आवाज आला, "तुमच्या संगमाला धरण सोडल्याबिगर पानी चढत न्हाय. ह्याला कुनी सोडावं लागत न्हाय!" कोकणात उतरणाऱ्या पोराला भरती ठाऊक होती. भूगोल शिकवणाऱ्या मास्तराला ती फक्त फळ्यावर ठाऊक होती.

पुस्तकं वाळत घालायची म्हणून तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी मेहुण्यांना म्हणालो, "तात्या, मला आता पुरे झालं. मी परत जातो. इंदापूरला." त्यांनी काठीच्या टोकाने वाळूत उगाच एक रेघ ओढली. "जाऊ की. पर आज न्हाय. एक मेंढी लंगडतीया."

त्यांच्या वडिलांचा शिरस्ता मला ऐकून माहीत होता. कळपात एखादी मेंढी लंगडायला लागली की मुक्काम हलवायचा नाही. तिला हाकायचं नाही, उचलायचं नाही. ती आपण होऊन उठली, चरली, चार पावलं पुढे गेली की मगच घोड्यावर सामान चढवायचं. शेजारच्या खोपीत एक डच पोस्टमन उतरला होता. तीन महिन्यांत अकरा देश पाहायचे असं कागदावर लिहून निघालेला, आणि नव्या बुटांनी टाच सोललेली. मला वाटलं, तोच तो. मेहुण्यांनी त्याच्या टाचेला मावशीकडची हळद भरली, त्याला घोंगडीवर बसवलं आणि मराठीत सांगितलं, "पत्रं वाटून वाटून पाय झिजले गा तुझे. बस जरा. तुला कुनी पत्र आणून देईल." पोस्टमनला काही कळलं नसावं, पण तो बसला. एका दिवसासाठी आलेला माणूस सहा दिवस राहिला.

काय आळसाचे दिवस ते! सकाळी मावशी भात आणि मासळी देई. मग मेहुणे घोंगडीवर, पोस्टमन वाळूवर, आणि मी पाण्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी समोरून गेलो की मेहुणे पोस्टमनला म्हणत, "बारामती गाडी गेली," आणि परत आलो की "इंदापूर आली." दोन दिवसांत पोस्टमनही मला पाहून 'बारामती' म्हणू लागला. मावशीची शेळी फुगली तर मेहुण्यांनी तिला तेल पाजून, पोट चोळून उभी केली. त्यानंतर मावशीने आमची खोप दुसऱ्या कुणाला दाखवायचंच बंद केलं. मी रोज विचारी, "उद्या निघायचं?" ते रोज म्हणत, "मेंढीला इचारून सांगतो."

आणि मधल्या वेळात ते माझी पुस्तकं वाळवत. तव्यावरची भाकरी परतावी तसं एकेक पान परतत. चौथ्या दिवशी एका पुस्तकातून एक चिठोरी निघाली. माझ्या पत्नीच्या हातची, वाण्याच्या यादीची. तिने ती खूण म्हणून घातली असावी किंवा मीच. समुद्राने शाई नेली होती. मेहुण्यांनी ती तळहातावर घेऊन फुंकर घातली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "वरचं काय बी लागत न्हाय. खाली 'सुया' लिवलंय. दाजी, धाकलीला सुया कशाला हव्या हुत्या?"

मी म्हणालो, "वाकळ शिवायची होती तिला. जुन्या लुगड्यांची." आणि मग मी खाली बसलो. कोणत्या लुगड्यांची, ते सांगितलं. मोठ्या सुया इंदापुरात चांगल्या मिळत नाहीत यावर तिचं माझ्याशी कसं भांडण झालं, ते सांगितलं. वाकळ अर्धी झाली आहे आणि कपाटात वरच्या फळीवर आहे, ते सांगितलं. रडलोही. पोस्टमन हळूच उठून पाण्याकडे गेला. मेहुणे पानं परतत राहिले. मध्येच म्हणाले, "लहानपनी माझ्या घोंगडीला ठिगाळ लावलं हुतं तिनं. उलट्या बाजूनं. अजून हाय." आणि घोंगडीचा कोपरा उलटून दाखवला. ठिगळ खरंच उलटं होतं. मी हसलो. त्यानंतर चार दिवस मी बोलतच होतो. इतकं मी वर्गातही कधी बोललो नव्हतो.

पोस्टमनची टाच बरी झाली आणि तो मेहुण्यांच्या पाया पडून गेला. हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. मी म्हटलं, "चला, मेंढी गेली. आता आपण निघू." मेहुणे म्हणाले, "अजून लंगडतीया." मी रागावलो. "तात्या, इथं आहे कोण आता? तुमचा आळस, दुसरं काय! आणि समजा तुमची ती मेंढी उठलीच नाही तर?" ते समुद्राकडे बघत राहिले. मग त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

अकराव्या दिवशी सकाळी मला उशिरा जाग आली. मावशीने दिलेला भात मी सगळा खाल्ला आणि आणखी मागितला. मग पायांत चपला अडकवत सहज विचारलं, "तात्या, ह्या किनाऱ्यानं पुढं गेलं तर कुठलं गाव लागतं हो?" वळून पाहतो तर घोंगडी गुंडाळलेली, काठी हातात, वहाणा पायात. मेहुणे उभे होते. त्यांना असं कुणी न सांगता उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"चला," ते म्हणाले. "उठली मेंढी."

तेव्हा कुठे मला कळलं. इतकी पुस्तकं वाचून अकरा दिवस लागले.

तीन वर्षांनी मेहुण्यांनी निरवांगीत अंथरूण धरलं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो आणि अंगणातल्या लिंबाखाली, त्यांच्या बाजेशेजारी, घोंगडी चौपदरी घालून बसलो. वारा बघून बसलो, वहाणा उशाला ठेवल्या. सुट्टी संपत आली तसे भावकीतले लोक विचारू लागले, "गुर्जी, इंदापूरला कवा?" मी म्हणे, "जाऊ की. पर आज न्हाय. एक मेंढी लंगडतीया." माझ्या तोंडची ती बोली ऐकून मेहुणे डोळे मिटूनच हसत.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "समुद्रावर तुमी मला इचारलं हुतं," ते म्हणाले. "मेंढी उठलीच न्हाय तर? सांगायचं राहिलं."

"राहू द्या तात्या."

"ऐका. आमचा बा तिच्याम्होरं पाला टाकायचा. पानी ठेवायचा. कपाळावरनं हात फिरवायचा. आन् कळप घिऊन निघायचा. मागं बगायचा न्हाय."

"अजिबात बघायचे नाहीत?"

"बगायचा," ते म्हणाले. "आमाला दिसू द्यायचा न्हाय." मग कुशीवर वळत, "उद्या शाळा हाय न्हवं तुमची?"

"आहे."

"मग जावा, दाजी."

मी त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवला. कपाळावरून हात फिरवला. आजवर त्यांचं सगळं ऐकत आलो होतो, हेही ऐकलं. फक्त निघालो एक दिवस उशिरा.