नरसय्या सरांचा ॲक्सिऑन

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात नरसय्या सर फिजिक्सच्या तासाला घरच्या मागावर विणलेली चादर घेऊन यायचे. चार मुलांनी कोपरे ताणून धरायचे, सर मध्यापासून दूर एक गोटी ठेवायचे. "सुरुवातीला विश्व लई तापलेलं. सगळं सपाट. गोटी कुठंबी बसली तरी चालायचं की!" मग चादरीच्या मधोमध शिवलेला दोरा ते खालून ओढायचे. खड्डा पडायचा, गोटी मागेपुढे घरंगळायची. "विश्व थंड झालं, खड्डा पडला. हे हलणं सुरू झालं ना, तोच ॲक्सिऑन नावाचा कण. दीर्घिकांना सावरून धरणारं, न दिसणारं कृष्णद्रव्य कदाचित हेच असंल."

हे अभ्यासक्रमात नाही, असं विभागप्रमुख म्हणून मी एकदा म्हणालो. सर हसले. "मास्तर, विश्वानं तरी कुठं सिलॅबस बघितलाय?"

विणकराच्या घरात तेलुगू बोलत वाढलेल्या या माणसानं वर्षभर खपून हा विषय एका वहीत, मराठीत, भाषणासारखा लिहून काढला. चुका बघतो म्हणून ती वही मी मागून घेतली. त्याच सुमारास पुण्यातल्या शिक्षकांच्या मेळाव्यासाठी एक वक्ता पाठवा, असं पत्र आलं. मी स्वतःचं नाव कळवलं आणि सरांचं भाषण, चादर-गोटीसकट, माझं म्हणून केलं. टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आणि भाषणाचा सारांश आला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर तो पेपर घेऊन माझ्यासमोर बसले.

"गोटीचं बरं सांगितलंत," ते म्हणाले. "पण 'हा कण अजून कुणाला सापडलेला नाही' हे वाक्य पेपरात दिसत नाही. बोलला होतात का?"

"वेळ कमी पडला."

खोटं होतं. त्या वाक्यानं टाळ्या कमी झाल्या असत्या.

"मग लोक खरंच धरून बसतील की वो," ते कळवळून म्हणाले. स्वतःच्या नावाबद्दल अवाक्षर नाही. वहीही परत मागितली नाही, निवृत्त होतानाही नाही.

गेल्या वर्षी सर गेले. घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी म्हणाली, "काका, तुमचं पुण्यातलं भाषण लई गाजलं म्हणे. नान्नांचाच विषय होता. लिहिलेलं असेल तर द्या की वाचायला."

दुसऱ्या दिवशी मी वही नेऊन दिली. तिनं पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ उलटलंच नाही.

"हे तर नान्नांचं अक्षर."

"होय," मी म्हणालो. "भाषणही त्यांचंच."